पाइप कोणता, हा नंतरचा प्रश्न: घरी बांधलेल्या विमानाची इंधनप्रणाली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधल्या सातपूरच्या शेडमध्ये तुम्ही किटवरून दोन आसनी, खाली पंख असलेलं, पत्र्याचं विमान बांधताय. इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, कार्ब्युरेटरवालं. दोन्ही पंखांत ४५-४५ लिटरच्या टाक्या. सांगाडा उभा राहिलाय, आता इंधनाच्या पाइपिंगला हात घालायचाय. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: अ‍ॅल्युमिनियमची नळी घालू की सगळीकडे रबरी होज ओढू, गाडीचा इलेक्ट्रिक पंप चालेल का, आणि दोन्ही टाक्या टी (तीन तोंडांचा जोड) लावून एकत्र केल्या तर सिलेक्टर व्हॉल्व्ह (कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारी चावी) टाळता येईल का.

तिन्हींची उत्तरं खाली देतो. पण खरा प्रश्न या तिन्हींच्या आधी येतो. मे महिन्यातल्या दुपारी, नाक वर करून पूर्ण थ्रॉटलवर चढताना, टाकीच्या तळाशी थोडंच इंधन उरलेलं असताना कार्ब्युरेटरच्या तोंडाशी पुरेसं पेट्रोल पोचेल का? पेट्रोल म्हणजे पेट्रोलच. वाफ, हवा किंवा पाणी नव्हे. आणि हे तुम्ही उडण्याआधी जमिनीवर मोजून दाखवू शकता का? नळी, पंप, व्हॉल्व्ह यांची निवड या उत्तरातून निघते. बाजारात मिळेल ते आधी आणलं आणि मग बसवत गेलं, तर काम दिसायला नेटकं दिसतं, पण ते कशाला पुरं पडेल हे कुणालाच सांगता येत नाही.

माझी नोकरी ओझरला विमानजोडणीच्या शॉपमध्ये झाली, त्यातला बराच काळ इंधनाच्या लाइनवर. निवृत्तीनंतर छोट्या विमानांच्या कामात लोकांना हात देतो. लढाऊ विमानाची इंधनप्रणाली आणि तुमची यांच्या आकारात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण ज्या कारणांनी इंधन अडतं ती कारणं दोन्हीकडे तीच.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी जे लिहितोय ते तुमच्या जुळणीला धरून आहे. वर पंख असते तर इंधन उतारानं खाली आलं असतं आणि अर्धी चर्चा बदलली असती. इंजेक्शनचं इंजिन असतं तर पंप, दाब, रिटर्न सगळंच वेगळं. टाक्या फायबरच्या असत्या तर इंधनाचा प्रश्न आणखी अवघड झाला असता. आणि किटच्या नकाशात जे दाखवलंय ते बदलायचं असेल तर तसं ठोस कारण हवं. तुमचा नकाशा आणि माझं म्हणणं जिथे जुळत नाही तिथे किट बनवणाऱ्यांना विचारा, अंदाजानं मधला मार्ग काढू नका.

मी याबाबत इतका आग्रही का, तेही सांगतो. आपल्या भागात टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर उतरायला जागा कुठे आहे ते पाहा. निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडे वरून हिरवंगार आणि सपाट दिसतं, पण त्यातलं बरंचसं द्राक्षबागांचं मांडव आहे. लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला गेलात तर डोंगर. मोकळं शेत सापडेलही, पण ते सापडेल या भरवशावर इंधनाची लाइन बांधायची नसते. अमेरिकेत वाहतूक अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या संस्थेनं २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा इंधनप्रणालीची कार्यचाचणी करून तिची नोंद ठेवावी, ही त्यांची एक ठळक शिफारस होती.

आता टी आणि सिलेक्टर. वर पंख असलेल्या विमानात दोन्ही टाक्यांमधून एकदम इंधन घेता येतं, कारण तिथे गुरुत्वाकर्षण काम करतं. तुमच्याकडे पंप खालून वर ओढणार आहे. दोन शहाळ्यांत दोन स्ट्रॉ घालून दोन्ही एकदम ओठांत धरल्या आणि एक शहाळं संपलं, की दुसऱ्यात कितीही पाणी असो, तोंडात हवाच येते. दोन टाक्या टीनं जोडल्या तर हेच होतं. दोन्ही टाक्या कधीच सारख्या उतरत नाहीत. व्हेंटमधला (टाकीत हवा येण्याच्या नळीतला) बारीक फरक किंवा जरा कललेलं उड्डाण पुरतं. एक आधी कोरडी होते, पंप तिथून हवा ओढतो आणि दुसऱ्या पंखात वीस लिटर असताना इंजिन बंद पडतं. म्हणून खाली पंख असलेल्या विमानात डावी, उजवी आणि बंद असा सिलेक्टर लावा. ‘दोन्ही’ ही जागा त्यावर नसलेलीच बरी.

सिलेक्टर कुठे बसवायचा, याला मी पाइपिंगइतकंच महत्त्व देतो. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या किनाऱ्याजवळ ज्या विमानाच्या अपघातात गेले ते घरी बांधलेलं, लाँग-ईझी नावाचं विमान होतं. मूळ नकाशात सिलेक्टर वैमानिकाच्या समोर, पायांच्या मध्ये होता. बांधणाऱ्यानं तो डाव्या खांद्याच्या मागे नेला होता. टाकी बदलायला उजवा हात मागे न्यायचा म्हणजे सगळं अंग वळवायचं, आणि ते करताना उजवा पाय रडरच्या (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या) पेडलवर दाबला जातो. तपासात हेच पुढे आलं. सिलेक्टरच्या जागांवर आणि इंधनमापकांवर नीट खुणाही नव्हत्या. तेव्हा पट्टे बांधून, खांदे सीटला टेकवून, नजर समोर ठेवून तुमचा हात सिलेक्टरवर सहज जातो का ते आत्ताच पाहा. पत्रा बंद झाल्यावर ते बदलणं जिवावर येतं. मुठीचं टोक ज्या टाकीकडे असेल ती टाकी चालू, असंच असलं पाहिजे. ‘बंद’वर जाताना वेगळी कळ उचलावी लागावी, म्हणजे घाईत हात तिकडे जाणार नाही.

पंपाबद्दल. तुमच्या इंजिनावर गिअरबॉक्सला लावलेला यांत्रिक पंप आहेच. इलेक्ट्रिक पंप हा टेकऑफ, लँडिंग आणि यांत्रिक पंप गेला तर, यासाठीचा साथीदार. कार्ब्युरेटरला किमान ०.१५ बार आणि जास्तीत जास्त ०.४ बार दाब लागतो. नव्या पंपांना ०.५ पर्यंत मुभा आहे, तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये तुमचा आकडा पाहा. हल्लीच्या गाड्यांचा इंजेक्शनचा पंप ३ बारच्या आसपास दाब देतो. तो लावला तर फ्लोटची सुई तो दाब अडवू शकत नाही, कार्ब्युरेटर भरून वाहतो आणि गरम एक्झॉस्टवर पेट्रोल सांडतं. त्यामुळे नाशिकच्या द्वारका भागातल्या दुकानात मिळणारा, चांगल्या गाडीचा, नवाकोरा पंपही तुमच्या कामाचा नाही. कमी दाबाचा, कार्ब्युरेटरसाठीचाच पंप घ्या, आणि तो बंद असताना त्यातून इंधन मोकळं वाहतं का ते तपासून घ्या. त्याला स्वतंत्र फ्यूज किंवा ब्रेकर द्या. रेडिओबरोबर जोडू नका.

पंप कुठे बसवायचा हे नाशिकच्या उन्हाळ्यात फार मोलाचं ठरतं. ढकललेलं पेट्रोल दाबाखाली असतं, ओढलेलं पेट्रोल कमी दाबाखाली. दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानाला उकळतं. पेट्रोल म्हणजे अनेक घटकांचं मिश्रण, आणि त्यातले हलके घटक चाळीस अंशांच्या आगेमागेच सुटायला लागतात. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहोत, म्हणजे हवेचा दाब मुळातच मुंबईपेक्षा कमी. त्यात उन्हात तापलेला पंख, त्यात पंप वर इंजिनाजवळ बसवून लांबून ओढायला लावलेला. मग नळीत बुडबुडे होणारच. पंप बुडबुडा ढकलू शकत नाही, तो नुसताच दाबला जातो आणि पुन्हा फुगतो. यालाच व्हेपर लॉक म्हणतात.

म्हणून इलेक्ट्रिक पंप जितका खाली आणि टाकीच्या जवळ बसवता येईल तितका बसवा, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यातल्या आगरोधक भिंतीच्या) मागे, थंड बाजूला. त्याच्या आधीच्या भागात कोपरे कमीत कमी ठेवा आणि बारीक फिल्टर लावू नका. टाकीच्या तोंडाशी जाडसर जाळी, मग सिलेक्टर, मग पंप, आणि बारीक गाळणी पंपाच्या पुढे.

सर्वांत धोक्याची वेळ कोणती? उतरून इंजिन बंद केल्यानंतरची वीस मिनिटं. पंख्याचा वारा थांबतो आणि इंजिनाची सगळी उष्णता काउलिंगखाली, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाखाली, कोंडते. चहा पिऊन येऊन लगेच पुन्हा उडालात तर पहिल्या मिनिटात गरम नळ्यांतलं पेट्रोल आणि वाफ एकत्र पुढे येतात. रोटॅक्सनं यासाठी रिटर्न लाइन सांगितली आहे: थोडं इंधन छोट्या जेटमधून (बारीक छिद्रातून) सतत टाकीकडे परत जातं आणि वाफ बरोबर घेऊन जातं. ती लावाच. पण ती कुठल्या टाकीत जाते याचा विचार करून लावा. रिटर्न कायम डाव्या टाकीत जात असेल आणि तुम्ही डावी पूर्ण भरलेली असताना उजवीतून इंधन घेताय, तर उजवीतलं पेट्रोल डावीत जाऊन व्हेंटमधून बाहेर पडणार. उपाय दोन आहेत. एक, सिलेक्टर असा घ्यायचा की इंधन ज्या टाकीतून येतं त्याच टाकीत रिटर्नही वळतं. दोन, रिटर्न ज्या टाकीत जातो तिच्यातूनच उड्डाण सुरू करायचं आणि तशी सूचना पॅनलवर लिहायची. पहिला खर्चाचा आहे, पण मी तोच सुचवेन.

इथपर्यंतचा हिशेब असा: टी नको, डावी-उजवी-बंद सिलेक्टर नजरेसमोर, कमी दाबाचा पंप खाली आणि टाकीजवळ, रिटर्न विचारपूर्वक.

इंधनाबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, पण ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आता आपल्याकडच्या पंपांवर सर्वसाधारणपणे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. रोटॅक्स या इंजिनाला १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतं. म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या पंपाचं साधं पेट्रोल तुमच्या इंजिनासाठी नाही. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी ठरावीक प्रमाणाच्या पुढे गेलं किंवा गारठा पडला, की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली वेगळा थर होतो, आणि टाकीचा निचरा तळाशीच असतो. शिवाय टाकीचा सीलंट, ओ-रिंग, होजचं रबर हे इथेनॉलला टिकणारं आहे का, हे प्रत्येक वस्तूगणिक तपासावं लागतं.

तपासणी सोपी आहे. खुणा असलेल्या काचेच्या नळीत १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घ्या, तोंड बंद करून हलवा आणि थांबू द्या. खालचं पाणी १० च्या रेघेवरच राहिलं तर इथेनॉल नाही. रेघ ओलांडून वर चढलं तर आहे, आणि जितकं वर तितकं जास्त. कुणी कितीही खात्री दिली तरी प्रत्येक नव्या कॅनची ही चाचणी करा. २०२२ पासून इंडियन ऑइल गुजरात रिफायनरीत एव्हगॅस १०० एलएल, म्हणजे खास पिस्टन इंजिनाच्या विमानांचं पेट्रोल, तयार करतं. ते मिळवता आलं तर वाफेचा आणि इथेनॉलचा, दोन्ही त्रास कमी होतात. त्यात शिसं असल्यामुळे तेल लवकर बदलावं लागतं, एवढं लक्षात ठेवा. शेडमध्ये साठा करताना हेही माहीत असू द्या की १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं.

आता तुमचा पहिला प्रश्न, नळी. फायरवॉलच्या मागे, जिथे दोन्ही टोकं एकाच सांगाड्याला बांधलेली आहेत तिथे ५०५२-ओ जातीची अ‍ॅल्युमिनियमची नळी, ३/८ इंची. फायरवॉलच्या पुढे इंजिन हलतं, तिथे लवचिक होज, वर फायरस्लीव्ह (आगीला तग धरणारं आवरण). फायरवॉलमधून जाणारं फिटिंग पोलादाचं घ्या. पेट्रोलची आग हजार अंशांच्या वर जाते आणि अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, म्हणून तिथे अ‍ॅल्युमिनियमचं फिटिंग लावलं तर आगीत नेमकं तेच वितळून तिथून पेट्रोल सुटतं. सगळीकडे होज ओढणं झटपट होतं, पण होज आतून फुगते, सोलते, आणि पंखाच्या पोटात गेलेली होज बदलणं कुणी वेळेवर करत नाही. रोटॅक्स रबरी होज दर पाच वर्षांनी बदलायला सांगतं. बदलता येईल अशाच जागी होज ठेवा.

फिटिंगच्या बाबतीत आपल्याकडे एक खास अडचण आहे आणि त्यावर मी जरा रेंगाळतो. नाशिकच्या अंबडला हायड्रॉलिकची दुकानं भरपूर, आणि तिथे मिळणाऱ्या मालात बीएसपी (ब्रिटिश मापाचे) आटे सर्रास असतात. तुमच्या किटमधल्या टाकीला, पंपाला, गॅसकोलेटरला (पाणी आणि कचरा खाली साठवणाऱ्या वाटीच्या गाळणीला) बहुधा एनपीटी (अमेरिकन मापाचे) आटे आहेत. पाव इंची एनपीटीला इंचाला १८ आटे आणि आट्याचा कोन ६० अंश. पाव इंची बीएसपीला १९ आटे आणि ५५ अंश. दोन्ही एकमेकांत दोन-तीन फेरे आरामात जातात, मग घट्ट होतात आणि हाताला वाटतं, बसलं. ते बसलेलं नसतं, अडकलेलं असतं. सीलंट लावला तर काही दिवस गळतही नाही. इंजिनाच्या कंपनांनी नंतर गळतं. आटे मोजायचा गेज दोन-अडीचशे रुपयांत मिळतो, तो खिशात ठेवा आणि प्रत्येक फिटिंग लावण्याआधी टेकवून पाहा.

दुसरं, फ्लेअर, म्हणजे नळीचं कर्ण्यासारखं फुलवलेलं तोंड. विमानाच्या एएन फिटिंगचा कोन ३७ अंश, गाडीच्या ब्रेक पाइपचा ४५ अंश. गॅरेजमधून उसना आणलेला फ्लेअरिंग टूल ४५ चा असण्याची शक्यता जास्त. त्यानं केलेला फ्लेअर ३७ च्या तोंडावर फक्त एका कडेवर टेकतो. नळी कापायला करवत वापरू नका, रोलर कटर वापरा, हलका हलका आवळत. आतली आणि बाहेरची बर (कापल्यावर राहिलेली खरखरीत धार) काढा, कड बोटानं नव्हे तर भिंगानं पाहा. नट आणि स्लीव्ह आधी नळीवर चढवा. कोनाला थेंबभर तेल लावून फ्लेअर करा. मग पुन्हा भिंग: फ्लेअरच्या कडेला केसासारखी उभी चीर दिसली तर तो तुकडा कापून टाका, मग कितीही वळणं घेऊन तयार केलेली नळी असो. जोडताना फ्लेअरच्या तोंडावर सीलंट अजिबात नाही. तिथे धातूवर धातू बसतो. सीलंट फक्त एनपीटीच्या आट्यांवर, पेट्रोलला टिकणारा, पहिले दोन आटे मोकळे सोडून. टेफ्लॉन टेप नको. तिची दोरी सुटते आणि जेटमध्ये जाऊन बसते.

आवळताना टॉर्क रेंच. ३/८ इंची मऊ अ‍ॅल्युमिनियम नळीला ७५ ते १२५ इंच-पाउंड, म्हणजे साधारण साडेआठ ते चौदा न्यूटन-मीटर. गळतंय म्हणून आणखी आवळायचं नाही. उघडा, पाहा, कारण शोधा. दोन पक्क्या फिटिंगमध्ये नळी कधीही सरळ रेषेत ओढू नका, एक तरी वळण द्या, म्हणजे तापल्यावर आणि हादऱ्यांत तिला सरकायला जागा राहते. साधारण दर ४० सेंटीमीटरला क्लॅम्प लावा, पत्र्यातून जाते तिथे ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवायचं रबरी कडं). विजेच्या वायर इंधनाच्या नळीला कधीही बांधू नका, आणि एकाच वाटेनं जात असतील तर वायर वर, नळी खाली. होजचा तुकडा मध्ये आला की धातूची सलगता तुटते, म्हणून टाकी, फिलर आणि नळ्या सांगाड्याला बाँडिंगच्या (स्थिर विजेला वाट देणाऱ्या) पट्टीनं जोडल्या आहेत का ते मीटरनं पाहा.

गाळण्यांचं थोडक्यात. टाकीच्या तोंडाशी इंचाला ८ ते १६ छिद्रांची जाळी, गॅसकोलेटर संपूर्ण लाइनच्या सर्वांत खालच्या जागी, आणि त्याला खाली वाकून उघडता येईल असा ड्रेन. विमान जमिनीवर जसं उभं राहतं तसं उभं करून सर्वांत खालची जागा ठरवा, नकाशावरून नाही.

व्हेंटकडे मात्र नीट लक्ष द्या. टाकीतून जितकं इंधन जातं तितकी हवा आत यायला हवी. व्हेंटचं तोंड पुढे, वाऱ्याच्या दिशेनं, तिरकं कापलेलं असावं म्हणजे टाकीत किंचित दाब राहतो. आपल्याकडे कुंभारीण माशीला अशी नळी फार आवडते. शेडमध्ये विमान आठवडाभर उभं राहिलं तरी ती आत मातीचं घर करते. तोंडाला जाळी बसवा, मागच्या बाजूला आणखी एक बारीक छिद्र ठेवा, आणि उभं असताना लाल पट्टीचं झाकण लावा. प्रत्येक उड्डाणाआधी ते काढलंय हे हातानं तपासा.

टाकी बंद करण्यापूर्वीची गळती-चाचणी सकाळी लवकर करा. फुगा लावून थोडा दाब भरायचा आणि साबणाचं पाणी सगळ्या रिव्हेटांवर. एक पीएसआयच्या पुढे जाऊ नका. पाण्याच्या नळीत तो ७० सेंटीमीटरचा स्तंभ होतो, आणि तेवढ्यानंही पातळ पत्रा फुगू शकतो. सकाळी म्हणण्याचं कारण, पत्र्याच्या शेडवर ऊन आलं की टाकीतली हवा प्रसरण पावते, फुगा टणक होतो आणि गळती असूनही नाहीशी वाटते.

आता सर्वांत महत्त्वाचं, फ्लो टेस्ट. ९१२ यूएलएस टेकऑफच्या ताकदीवर तासाला सुमारे २७ लिटर पितं. प्रमाणित छोट्या विमानांच्या अमेरिकन नियमांत २०१७ पर्यंत पंपानं जाणारं इंधन याच्या सव्वापट आणि निव्वळ उतारानं येणारं दीडपट मिळालं पाहिजे असं होतं. तुमच्यासाठी सव्वापट म्हणजे तासाला ३३.७५ लिटर, मिनिटाला ५६० मिली, दहा मिनिटांत ५.६ लिटर. हे रिटर्नमधून परत जाणारं सोडून. रिटर्न वेगळ्या भांड्यात घ्या आणि वेगळा मोजा.

विमान शेडबाहेर काढा, पहाटेच्या गारव्यात, आजूबाजूला ठिणगी काढणारं काही नको, अग्निशामक दोन जणांच्या हातात. पुढचं चाक उंच करून नाक वर घ्या: तुमचा जास्तीत जास्त चढाईचा कोन जितका असेल त्याहून ५ अंश अधिक. सीटच्या रेलवर डिजिटल लेव्हल ठेवून कोन वाचा. टाकीत तळापुरतंच, चार-पाच लिटर इंधन ठेवा आणि मोजणी चालू असताना तेवढंच राहील असं वरून हळूहळू घालत राहा. नळी कार्ब्युरेटरपाशी सोडवा, म्हणजे यांत्रिक पंपाचा अडथळाही मोजला जाईल. धातूचं मापाचं भांडं घ्या आणि ते वायरनं विमानाला जोडा. टाकीचं झाकण नीट बंद ठेवा. वरून इंधन घालण्यापुरतं उघडून लगेच लावायचं. आता पंप सुरू करा आणि घड्याळ लावा.

दहा मिनिटं का, एक का नाही? एका विमानात मी पाहिलं ते सांगतो. पहिली दोन मिनिटं धार भरघोस होती. बांधणाऱ्याचा चेहरा खुलला. चौथ्या मिनिटाला धार बारीक झाली, सहाव्याला करंगळीहून पातळ, आणि पंपाचा आवाज बदलला. टाकीचं झाकण किंचित सैल केलं, तर ‘सूंऽ’ असा हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि धार पूर्ववत झाली. पंखाच्या शेवटच्या रिबजवळ (फासळीजवळ) व्हेंटची मऊ नळी क्लॅम्पखाली चेपली गेली होती. हवा येत होती, पण पुरेशी नाही. या विमानानं पूर्ण थ्रॉटलवर धावपट्टी नक्की सोडली असती, आणि मग इंजिन हवेत बंद पडलं असतं. म्हणून चाचणी लांबवा, आणि झाकण उघडं ठेवून मोजू नका.

तीच चाचणी प्रत्येक टाकीसाठी वेगळी. आकडा कमी आला तर मागून पुढे जा: टाकीच्या तोंडाशी मोजा, मग सिलेक्टरनंतर, मग पंपानंतर, मग गॅसकोलेटरनंतर. जिथे आकडा एकदम घसरतो तिथे दोषी सापडतो. बहुधा ती सिलेक्टरची बारीक वाट, ठासून भरलेली जाळी किंवा नव्वद अंशांचं फिटिंग असतं. यांत्रिक पंपाची चाचणी इंजिन चालवूनच होते: विमान नीट बांधून, नाक वर ठेवून, इलेक्ट्रिक पंप बंद करून, कार्ब्युरेटरपाशी दाबाचा गेज लावून पूर्ण थ्रॉटल, आणि तापमानं मर्यादेत असेपर्यंत चालू ठेवा. कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं इंधन साठलेलं असतं, त्यामुळे लाइन अडलेली असतानाही इंजिन काही वेळ छान चालतं. अर्ध्या मिनिटाचं धावणं काहीच सिद्ध करत नाही.

याच दिवशी टाकी वापरता येत नाही तिथपर्यंत उपसा. धार तुटायला लागली की पंप बंद करा आणि तळाच्या ड्रेनमधून उरलेलं काढून मोजा. ते इंधन हिशेबात धरायचं नाही, आणि ते विमान सपाट असताना वेगळं, नाक वर असताना वेगळं निघेल. दोन्ही लिहून ठेवा. मग पाच-पाच लिटर भरत इंधनमापकाची खूण करा, आणि लाकडी डिपस्टिकवर त्याच वेळी रेघा पाडा. पॅनलवरचा आकडा आणि डिपस्टिक यांत फरक पडला तर डिपस्टिकवर विश्वास ठेवा.

हे सगळे आकडे तारखेसह वहीत लिहा, फिटिंग बंद होण्यापूर्वीचे फोटो काढा. डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) नोंदणी आणि उड्डाणाच्या परवानगीसाठी जाल तेव्हा तपासणाऱ्याला झाकलेल्या पंखाच्या आत काय आहे ते दाखवायला तेच कामी येतं. पत्र्याची शेवटची झाकणं तपासणीच्या आधी कायमची रिव्हेट करू नका.

पहिल्या जमिनीवरच्या धावण्यानंतर गॅसकोलेटरची वाटी आणि सगळ्या जाळ्या उघडा. नवीन प्रणालीत अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत चुरा, सीलंटचे कण, धाग्याचे तुकडे निघतातच. पांढऱ्या कापडावर झटकून पाहा, साफ करा, पुन्हा चालवा, पुन्हा उघडा. लागोपाठ दोनदा कापड कोरं निघेपर्यंत उड्डाणाचा विषय काढायचा नाही. आणि तुमच्या नकाशात रिटर्न लाइन कुठल्या टाकीत दाखवली आहे ते तेवढं कळवा, कारण सिलेक्टर साधा घ्यायचा की दुहेरी, हे त्यावर ठरेल, आणि दुहेरी घ्यायचा असेल तर सीटखालच्या पत्र्यातलं भोक आत्ताच मोठं करावं लागेल.